अर्ध्यावर थांबवलेला घाणा

ताई, तुम्ही आपल्या मसाला कुटायच्या डंकावरची जागा बदललीत तेव्हा मी तुमच्याशी चांगलीच भांडले होते. लग्न होऊन पनवेलला आले तेव्हापासून आपली वाटणी ठरलेली. दाराशी मी, आत कढईच्या बाजूला तुम्ही. मिरचीच्या दिवसांत दारातून जो काय वारा येतो तेवढाच जिवाला आधार, आणि थोरली जाऊ असून तो तुम्ही मला दिलात, हे मी माहेरी कौतुकाने सांगितलं होतं. मग एका होळीनंतर सीझन सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी तुम्ही येऊन दाराशी उभ्या राहिलात. म्हणालात, "मीने, तू आत सरक." का, ते सांगितलं नाहीत. मी दोन दिवस तोंड फुगवून मिरच्यांची देठं खुडत बसले.

तुम्ही वाऱ्यासाठी आल्या नव्हतात. तुमचा डावा कान बंद झाला होता आणि मी कायम तुमच्या डाव्या हाताला. जागा बदलल्यावर मी उजव्या कानाशी आले. हे मला पुढे डॉक्टरांच्या खोलीत कळलं, तुम्ही त्यांना सांगत होतात तेव्हा. घरात सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? पण सांगून तरी काय व्हायचं होतं म्हणा. "डंकाचा कान आहे, सगळ्यांचाच होतो," असंच घरातलं कुणीही म्हणालं असतं. आपल्या सासूबाई तर शेवटी शेवटी ठार बहिऱ्या होत्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

डंक चालू असला की त्या आवाजात बोलणं कुठलं शक्य? लोखंडी मुसळं आळीपाळीने खलात आदळायची, जमीन हादरायची, आणि आपण दोघी हातांनी बोलायचो. हात सपाट खाली केला की जाळ कमी. दोन बोटं चोळली की अजून बारीक. नाकाला बोट लावलं की भाजणीचा वास बघ. गिऱ्हाईक फारच चिकट असेल तर त्यालाही एक खूण होती, ती इथे लिहीत नाही. डंक थांबव, याला मात्र खूण नव्हती, कारण तशी वेळच यायची नाही. एका वेळी खलात पडणाऱ्या मालाला आपण घाणा म्हणायचो, आणि पडलेला घाणा अर्ध्यावर थांबवायचा नाही हा सासूबाईंचा नेम तुम्ही त्यांच्यापेक्षा कडक पाळलात. अर्ध्यावर थांबला तर मसाला खलात बसतो, रंग मरतो, नेणाऱ्याच्या घरात वर्षभर चव लागत नाही. भारनियमनात वीज गेली तर तेवढा इलाज नसायचा. तेव्हाही वीज येईपर्यंत तुम्ही कुणाशी धड बोलत नव्हता.

नाकाचंही कानासारखंच झालं. आपल्या गल्लीत मार्च ते मे कुणाचं नाक धड असतं? गिऱ्हाइकं शिंकतात, समोरचा भांडीवाला शिंकतो, देवळातले गुरव आरती म्हणताना शिंकतात. सकाळी मोरीत तोंड धुताना तुमच्या खाकऱ्यात रक्ताची तार यायला लागली. मी विचारलं तर म्हणालात, "मिरची आहे गं." ओवे गावातून रोज चाळणीला येणारी मंदा म्हणाली, "वयनी, मिरचीचाच हाय. या दिसांत सगल्यांच्याच नाकातून येतं." भाऊजींनी सांगितलं, रात्री नाकात तूप सोड. तूप सोडलं. डावी नाकपुडी बंदच राहायची, तर म्हणालात पूड बसली असेल, पाऊस लागला की धुऊन निघेल.

त्याच वर्षी तुम्ही बाजारातून मरून रंगाचे रुमाल आणलेत. पांढऱ्यावर तिखटाचे डाग दिसतात, म्हणालात. मला पटलं. चांगले दिसतात, मलाही दोन द्या, असंसुद्धा मी म्हणाले होते. तुम्ही दिले नाहीत. तुम्ही कधी मला कशाला नाही म्हणत नव्हता, म्हणून ते लक्षात राहिलं.

मग मानेत, कानाच्या खाली, गाठ आली. ती काही मिरचीवर ढकलता येईना. पनवेलच्या कान-नाकवाल्या डॉक्टरांनी तुमच्या नाकातून बारीक कॅमेरा आत घातला. नाक जिथे संपतं आणि घसा सुरू होतो तिथे, पार मागे, आणखी एक गाठ होती. कानाची नळी तिथेच उघडते, ती तिने दाबून धरली होती. कान, नाक, रक्त, मान, सगळं एकाच जागेवरून चाललं होतं, आणि आपण एकेकाला वेगळं औषध देत बसलो होतो.

मुंबईला रेडिएशनचे शेक घेतलेत, सलाइनमधून औषधं घेतलीत. त्या वर्षीचा अर्धा सीझन बुडाला. गाठ विरघळली, डॉक्टर खूश झाले. तोंडातली लाळ आटली ती आटलीच, पाण्याची बाटली तुमच्या कमरेला आली. आणि वास गेला. मसाला करणाऱ्या बाईचा वास जावा, आणि तिने त्याबद्दल एक शब्द काढू नये. तुम्ही काढला नाहीत. धणे कढईत पडले की तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि नाकाला बोट लावायचात. मी मान हलवली की उतरवायचे. दगडफूल, नागकेशर, तिरफळ, सगळं तसंच. तुम्ही डोळ्यांनी रंग बघायचात, मी नाकाने वास बघायची, दोघींची मिळून एक बाई. मला भाजणी येते ती अशी आली ताई. एरवी तुम्ही ती मला मरेपर्यंत शिकवली नसतीत, खोटं कशाला बोलू.

तरी जुबेदा खालांना कळलं. दर वर्षी मुलासाठी दुबईला मसाला पाठवतात त्या. चिमूट जिभेवर ठेवून म्हणाल्या, "सुलभा, मसाला अच्छा आहे, पण यावेळी दुसऱ्या हाताचा लागतो." तुम्ही हसलात. म्हणालात, "हात माझाच आहे खाला, नाक हिचं आहे." खाला माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अल्ला तिचं नाक सलामत ठेवो." सगळ्या हसल्या. मला त्या दिवशी रात्री जेवण गेलं नाही.

दर काही महिन्यांनी कॅमेरा घालून बघायचे. एकदा शिमगा जवळ आलेला असताना बघितलं, आणि ते परत आलं होतं. तेव्हा त्या सर्जन बाई आपल्याला भेटल्या. वयाने माझ्याएवढ्या, आवाज हळू. त्यांनी कागदावर पेन्सिलने डोकं काढलं, मधोमध चिरलेल्या नारळासारखं, आणि नाकापासून आत एक रेघ ओढली.

"पुन्हा शेक देता येतील, पण आधीचे अंगात आहेत, ते जड जाईल. दुसरा रस्ता ऑपरेशनचा. चेहरा कापायचा नाही, टाळू उघडायची नाही. दोन्ही नाकपुड्यांतून आत जायचं. दुर्बीण आणि हत्यारं तिथूनच. मधल्या पडद्याचा मागचा तुकडा काढून वाट मोठी करायची आणि गाठ आजूबाजूच्या चांगल्या मांसासकट उचलायची."

"एवढं सगळं नाकातून?" तुम्ही विचारलंत.

"नाकातूनच."

"आणि ते बाहेर कसं येणार?"

"आत्ता लहान आहे, म्हणून येईल." मग त्यांनी रेघेच्या टोकाशी, बाजूला, एक जाड रेघ काढली. "ही मेंदूकडे रक्त नेणारी मोठी नस. आत्ता गाठ आणि ही नस यांच्यात थोडी जागा आहे. ती जागा आहे तोवर मला काम करता येईल. पुढच्या आठवड्यात या."

तुम्ही पाण्याचा घोट घेतलात, बाटलीचं झाकण नीट लावलंत आणि म्हणालात, "होळी झाली की आमचा सीझन सुरू होतो. पावसाळा लागला की येते."

डॉक्टरांनी भाऊजींकडे बघितलं. भाऊजी फरशीकडे बघत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "थांबू नका, असं मी सांगितलेलं आहे. एवढं लक्षात असू द्या." त्यांचा आवाज तेव्हाही चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पनवेल स्टेशनाबाहेर रिक्षात बसल्याबरोबर मी सुरुवात केली. भाऊजी पुढे ड्रायव्हरशेजारी अवघडून बसले होते, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"घाणे बोललेत मीने," तुम्ही म्हणालात. "लोकांना शब्द दिलाय."

"जिवापेक्षा घाणे मोठे झाले का? लोक जातील दुसऱ्या डंकावर."

"तेच तर."

"मी बघते ना यंदाचं. मंदा आहे."

"तुला भाजणी कळते. माणसं कळत नाहीत."

हे मला लागलं. मी म्हटलं, "आणि तुम्हाला सगळं कळतं, फक्त त्या बाई काय सांगतायत ते कळत नाही." तुम्ही बाहेर बघत राहिलात. मग म्हणालात, "गेल्या खेपेला अर्धा सीझन टाकून गेले. परत आले तेव्हा लोक माझ्याकडे असे बघत होते, मेलेलं माणूस उठून आल्यागत. पुन्हा अर्ध्यावर उठायचं नाही मला. हा पुरा करते, मग काय करायचं ते करू दे त्यांना." एस.टी. स्टँडापाशी गाडी अडली, कर्कश हॉर्न सुरू झाले, आणि आपलं भांडण तिथेच राहिलं. ते मी नंतर किती वेळा मनात पुढे नेलंय. दर वेळी मी जिंकते.

त्या सीझनइतका मसाला आपल्या डंकावर आधी कधी झाला नाही. लोकांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत. तुम्ही दाराशी उभ्या, चेहरा तांबडालाल, कमरेला बाटली, आणि एकही घाणा बिघडला नाही. खाला म्हणाल्या, "माशाल्ला, जुना हात परत आला." मी मात्र मागच्या दोरीकडे बघत होते. मार्चमध्ये दोरीवर एक मरून रुमाल वाळत असायचा. एप्रिलमध्ये दोन. मे महिन्यात तुम्ही ते दोरीवर घालायचे बंद केलेत, न्हाणीघरात आतल्या खिळ्यावर वाळवायला लागलात. मी ते बघितलं आहे हे तुम्हाला माहीत होतं. हातांनी सगळं बोलणाऱ्या आपण दोघी, त्यावर एक बोट हललं नाही.

पाऊस लागला, डंकावर ताडपत्री पडली आणि तुम्ही दिलेल्या शब्दाप्रमाणे हॉस्पिटलात दाखल झालात. सकाळी आत नेलं ते ऊन कलेपर्यंत बाहेर आणलं नाही. भाऊजी बाकावर बसून सुपारीसुद्धा न खाता नुसती अडकित्त्यात धरून होते. बाहेर आल्यावर सर्जन बाईंनी मला आणि त्यांना आत बोलावून पडद्यावर थोडं दाखवलं. भाऊजींनी डोळे मिटले. मी बघितलं. ओला गुलाबी बोगदा, त्यात बारीक हत्यारं हळूहळू चाललेली. एका जागी ती हत्यारं थांबली आणि बराच वेळ पुढे गेलीच नाहीत. तिथे पडद्यावर काहीतरी उडत होतं, नाडी उडते तसं. "हीच ती नस," बाई म्हणाल्या. मी विचारलं, "मधली जागा?" त्या म्हणाल्या, "होती तेवढ्यात केलं."

तुमच्या चेहऱ्यावर ओरखडा नव्हता. घरी आलात तेव्हा बघायला आलेली माणसं हिरमुसली. कॅन्सरचं ऑपरेशन म्हणून आली होती, आणि तुम्ही खाटेवर बसून नाकात मिठाचं पाणी ओढताय. खाला तर स्पष्टच म्हणाल्या, "टाका कुठाय?" तुम्ही ओठ फाकवून, हनुवटी वर करून त्यांना नाक दाखवलंत आणि म्हणालात, "आत उतरून बघा." त्या आठवड्यात तुम्ही जेवढ्या हसलात तेवढ्या मी तुम्हाला कधी हसताना पाहिलं नव्हतं. नाकातून खपल्या निघायच्या, त्यांची घाण येते म्हणून आम्ही पदर लावायचो, आणि तुम्ही म्हणायचात, "मला काही वास येत नाही बाई, फायदाच आहे." मलाही वाटलं, वाचल्या. तो आठवडा मी कुणाला देणार नाही.

मग तपासणीचा रिपोर्ट आला. सगळीकडून साफ, फक्त एका कडेला नाही. कुठल्या कडेला, ते मला विचारावं लागलं नाही. मी जे विचारलं ते तुमच्या देखत विचारलं, आणि ते विचारल्याबद्दल तुम्ही मला कधी माफ केलंत की नाही कोण जाणे. मी म्हटलं, "डॉक्टर, होळीआधी केलं असतं तर?"

बाईंनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला. त्या तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही मान वळवलीत आणि त्यांच्याकडे डावा कान केलात. ठार बंद असलेला. खिडकीबाहेर बघत बसलात. त्या म्हणाल्या, "तसं सांगता येणार नाही." ते मी एकटीने ऐकलं. घरी येताना तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही.

पुढचं मी फार लिहिणार नाही. दिवाळीनंतर तुम्हाला एकाचे दोन दिसायला लागले. "मीने, दोन दोन भाऊजी दिसतात गं तुझे. मला एकच पुरे होता," म्हणालात, आणि भाऊजी उठून बाहेर गेले. संक्रांतीला तिळगूळ गिळवेना. सारखं रक्त येई. आता त्याला मिरची म्हणायला कुणी धजत नव्हतं.

शेवटच्या दिवसांत आवाजही गेला आणि तुम्ही हातांवर आलात. मला बरं वाटलं, कारण ती भाषा माझी होती, पोरांना आणि भाऊजींना ती कळत नव्हती. पाणी, उशी, पाय, सगळं मी बरोबर ओळखत होते. एक खूण तेवढी कळली नाही. मूठ वर न्यायची आणि सावकाश खाली ओढायची. मी ट्यूबलाइट बंद केली. तुम्ही मानेनेच नाही म्हणालात. पंखा बंद केला. नाही. खिडकी लावली, पडदा ओढला. नाही, नाही. शेवटी तुम्ही कंटाळून डोळे मिटलेत, भाजणी बिघडवणाऱ्या माणसाकडे बघून मिटायचात तसे. दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्हता.

तेराव्याला लोक म्हणाले, सुटल्या. माझं डोकं फिरलं. सुटल्या कशातून? तुम्हाला कुठे सुटायचं होतं? मला तुमचा राग येतो ताई, अजून येतो. घाणा पुरा केलात आणि स्वतः अर्ध्यावर उठलात.

काल आपला डंक सुरू केला. भाऊजी आले नाहीत. मी दाराशी उभी राहिले, तुमच्या जागेवर, वारा आला की तोंड फिरवत होते. पहिला घाणा मुद्दाम खालांचा ठेवला. बेडगी, संकेश्वरी, भाजलेला गरम मसाला, सगळं खलात पडलं, मुसळं चालू झाली. निम्मं कुटून झालं असेल. मंदा पलीकडे, मेन स्विचच्या खाली, चाळणी घेऊन बसली होती. तिने पदराने नाक पुसलं, पदराकडे पाहिलं आणि तो घडी करून कमरेला खोचला. पांढऱ्या पदरावर चाळणीचं तिखट होतंच. पण तिखट ओलं नसतं.

मी ओरडले, "मंदे." तिला कसलं ऐकू जातंय. पुन्हा ओरडले. तिने वर बघितलं तेव्हा माझा हात आपसूक वर गेला, मूठ वळली, आणि मी ती खाली ओढली. मी तशी खूण आयुष्यात केली नव्हती. मंदाने ती कधी पाहिली नव्हती. तिला लगेच कळली. ती उठली आणि तिने स्विच खाली ओढला.

मुसळं थांबली. गल्लीत एकदम इतकं शांत झालं की भांडीवाला बाहेर येऊन बघायला लागला. तुम्हाला हेच सांगायचं होतं का, मला माहीत नाही. कदाचित तुम्हाला खरंच पंख्याचा त्रास होत असेल. पण मी ते माझ्यापुरतं ठरवून टाकलंय, आणि तुम्ही आता नाही म्हणायला नाही आहात.

खाला म्हणाल्या, "अगं, काय केलंस? मसाला बसला ना." मी म्हटलं, "बसू दे खाला, दुसरा करून देईन." त्यांनी माझ्याकडे, मग मंदाच्या कमरेकडे पाहिलं, आणि स्टुलावरची पिशवी उचलून म्हणाल्या, "जा. मी बसते इथे."

मंदा ऐकेना. "मिरचीचा हाय वयनी, मना काय नाय झाला. अख्खा घाना फुकट घालवलाव." मी म्हटलं, "चपला घाल." डाव्या नाकपुडीतून येतं का, विचारलं. ती म्हणाली, ध्यान नाय दिलं कधी. कधीपासून, विचारलं. ती पायांकडे बघायला लागली.

चौकातून रिक्षा केली, डॉक्टरांकडे. मंदा आधी चढून आत सरकली, मी तिच्या डाव्या हाताला बसले. खडबडीत रस्ता, जुनी रिक्षा. जरा पुढे गेल्यावर मी विचारलं, "मंदे, कानाचं काही होतं का गं तुला?"

ती समोर बघत होती. मी पुन्हा विचारलं. मग तिने अख्खी मान माझ्याकडे वळवली, उजवा कान पुढे केला आणि म्हणाली, "काय बोलताव?"

रिक्षाचा आवाज आहे, असं मी म्हणाले नाही ताई.